एक महिना जादा

स्वतःच्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदाच
चपला काढून उभी आहे.
कळंबा रोड, तिसरा मजला, दोन खोल्या, आणि बाल्कनी
जिच्यातून तलाव दिसतो असं जाहिरातीत होतं.
दिसतो.
कठड्यावरून कमरेत वाकलं तर,
चतकोर.

तीन वर्षं हप्ते भरले हामामात्सुहून.
येनचा भाव रोज सकाळी बघायचे,
जसे बाबा गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार बघायचे,
पेल्यात फेस किती आणि दूध किती.
कुलमुखत्यारपत्रावर तोक्योच्या वकिलातीचा शिक्का आणला,
त्या दिवसाची रजा बिनपगारी.
नळाच्या तोट्या व्हॉट्सॲपवर निवडल्या.
फरशी फोनमध्ये दुधी होती,
इथे पिवळट आहे.

अशपाक बागवान चाव्या बोटात फिरवतो.
"आधीचं कुटुंब लई चांगलं, ताई. भिंतीला एक खिळा न्हाई मारला."
खरंच नाही.
फक्त ओट्याच्या वर फोडणीचा एक धुरकट ढग,
आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा:
शौनक, जून. शौनक, दिवाळी.
अडीच बोटं वाढला होता
माझ्या भाड्यात.

"आता दोन पार्ट्या हाईत.
एक बँकवालं, गडहिंग्लजचं, नवरा-बायको.
दुसरी नर्स हाय, कदमवाडीच्या हॉस्पिटलात. मिझोरामची."
नाव तो मोबाइलमधून अडखळत वाचतो, लाल, रिन, पुई.
"पगार बघितलाय, चोख हाय. पण सोसायटीवालं म्हणत्यात..."
पुढचं तो हातानं बोलतो.

तो हात मी ओळखते.
स्टेशनच्या उत्तरेला, दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत
टायवाल्या एका सभ्य माणसानं
माझ्यासमोर मालकाला फोन लावला,
हसला, फोनवरच दोनदा वाकला,
मग रिसीव्हर ठेवून दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या धरल्या.
फुली.
मसाल्याचा वास, म्हणाला.
त्याचं वाक्य फार सुंदर होतं,
त्यात 'नाही' कुठेच आलं नाही.
अकरा घरं.
बाराव्यानं हो म्हटलं आणि रेइकिन मागितलं,
मालकाचे आभार मानायचे पैसे,
दोन महिन्यांचे, परत न मिळणारे.
मी मानले.
वर हमी देणाऱ्या कंपनीचे वेगळे,
कारण माझ्यासाठी सही करील असं
त्या अख्ख्या देशात कुणी नव्हतं.

खाली कुणीतरी बुलेटला किक मारतंय.
सुरू होते, बंद पडते.
"तुमचं काय मत, अशपाकभाई?"
"माझं काय, ताई," तो हसतो.
"ह्याच बिल्डिंगीत नऊ फ्लॅट लावून दिलेत मी.
मला विचारलं असतं तर दहावा मिळाला नसता."
चाव्या थांबतात. परत फिरायला लागतात.

नर्सला द्या, मी म्हणते.
बरं वाटतं. पाठ ताठ होते.
बाल्कनीत जाते, वाकते,
तलावाचा तुकडा बघते.
आणि तिथूनच, पाठमोरी, सहज,
"डिपॉझिट मात्र एक महिना जादा घ्या.
सोसायटीचं उद्या कायतरी निघालं तर."
"घेतो की," तो म्हणतो.
लगेच म्हणतो. त्यानं ते धरूनच ठेवलं होतं.

संध्याकाळी ताराबाई पार्कात वकिलाकडे करार.
ती आधीच येऊन बसलेली,
ड्युटीचे पांढरे बूट, मांडीवर पाकीट.
पैसे मोजून आणलेत, जादाचेसुद्धा,
बँकेचं रबर अजून न काढलेले.
परवा माझं विमान आहे.
तोवर सांगता येईल, एक महिना परत करा,
एवढंसं तर वाक्य आहे,
मराठीत तर सोपंच आहे.

"मालकाचा पत्ता?" टायपिस्ट विचारतो.
मी सांगते. इमारत, खोली दोनशे तीन,
जिथे भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही.
ती माझ्याकडे बघते, मान थोडी झुकवते,
"थँक यू, मॅडम."
"स्पेलिंग?" टायपिस्ट म्हणतो.
"सावकाश सांगा. एकेक अक्षर."